वाट आणि परवानगी

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दोन गोष्टी मुद्दाम समजावून सांगाव्या लागत नाहीत. नुसत्या गावाच्या नावावर जमिनीचा कागद सापडत नाही, ही पहिली. पिंपळगाव म्हटले की कोणते पिंपळगाव हा प्रश्न येतोच. म्हणून जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक अशी उतरत्या क्रमाने वाट सांगावी लागते. कागद पाहता येणे आणि कागद बदलता येणे हे दोन निराळे अधिकार आहेत, ही दुसरी. सातबाऱ्याचा उतारा कोणालाही काढता येतो. पण ज्या खातेदाराचे नाव त्यावर आहे, त्यालाही त्यातला एक आकडा आपल्या हाताने बदलता येत नाही. फेरफाराची नोंद तलाठी गाव नमुना सहामध्ये घेतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतींची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. नोंद घेणारा आणि ती प्रमाणित करणारा एकच नाही, हा या पद्धतीचा कणा आहे. संगणकाच्या टर्मिनलवर वावरायला जे ज्ञान लागते त्याचा गाभाही या दोन गोष्टींतच आहे: वस्तू कुठे आहे, आणि तिथे कोणाला काय करता येते. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. मला मांडायचे आहे ते असे की या दोन गोष्टी मुळात सुट्या नाहीत. डिरेक्टऱ्यांमधून फिरणे हा एक धडा आणि फाइलींच्या परवानग्या हा बऱ्याच पानांनंतर येणारा दुसरा धडा, अशी जी विभागणी शिकवण्यात रूढ झाली आहे ती विषयाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि शिकणाऱ्याच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच उभ्या राहतात.

नवख्या वाचकासाठी आधी या प्रदेशाची ओळख करून द्यायला हवी. टर्मिनल म्हणजे पडद्यावरची अशी खिडकी, जिथे चित्रे नसतात, फक्त मजकूर असतो. आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे आणि उत्तर वाचायचे. त्या ओळीचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. लिनक्सवर तो बहुधा बॅश असतो, मॅकवर २०१९पासून झेडशेल. युनिक्स घराण्यातल्या सर्व प्रणालींत सगळ्या फाइली एकाच झाडावर असतात. त्या झाडाचे मूळ म्हणजे रूट, आणि ते एका तिरक्या रेघेने, म्हणजे स्लॅशने, दाखवले जाते. विंडोजसारखे सी, डी असे वेगवेगळे ड्राइव्ह इथे नाहीत. पेन ड्राइव्ह लावला तरी तो याच झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसतो. टर्मिनल उघडलेला माणूस या झाडावर कायम कुठेतरी उभा असतो. कुठे, ते 'पीडब्ल्यूडी' सांगते. तिथे काय आहे ते 'एलएस' दाखवते. दुसरीकडे 'सीडी' नेते. मुळापासून सांगितलेली वाट पूर्ण, उभ्या जागेपासून सांगितलेली वाट सापेक्ष. एक टिंब म्हणजे इथेच, दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर, आणि नागमोडी रेघ म्हणजे आपले घर. एवढ्या शिदोरीवर माणूस एका दिवसात फिरायला लागतो. मग एखाद्या ठिकाणी 'परमिशन डिनाइड' असे उत्तर येते, आणि पुष्कळ पुस्तके नेमकी तिथेच विषय बदलतात.

परवानगीचा हिशेब वरवर सोपा आहे. प्रत्येक फाइलीला आणि डिरेक्टरीला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे 'इतर'. या तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन-तीन अधिकार, मिळून नऊ खुणा. 'एलएस'ला 'एल' हा पर्याय जोडला की त्या आर, डब्ल्यू, एक्स या अक्षरांत दिसतात; आकड्यांत मांडायच्या तर वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ आणि त्यांची बेरीज. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येते, गटाला फक्त वाचता येते, इतरांना काहीच नाही. इथपर्यंत पाठांतर चालते. ते फसते डिरेक्टरीपाशी, कारण तिथे त्याच तीन अक्षरांचे काम बदलते. डिरेक्टरीवरचा वाचण्याचा अधिकार म्हणजे आत कोणती नावे आहेत ते पाहता येणे. लिहिण्याचा अधिकार म्हणजे आत नवे नाव घालता येणे आणि जुने काढता किंवा बदलता येणे. चालवण्याचा अधिकार म्हणजे त्या डिरेक्टरीतून पार जाता येणे. एखादी फाइल उघडायची तर मुळापासून तिच्यापर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीवर हा पार जाण्याचा अधिकार लागतो. मधली एक जरी बंद असली तरी शेवटची फाइल सर्वांसाठी उघडी ठेवून काही उपयोग नाही. उलट, वाचण्याचा अधिकार नाही पण पार जाण्याचा आहे, अशा डिरेक्टरीत काय आहे ते दिसत नाही. मात्र नाव ठाऊक असलेली फाइल उघडता येते. आणखी एका नियमापाशी तर चांगले कसलेले लोकही चकतात. फाइल पुसता येईल की नाही, हे त्या फाइलीच्या परवानगीवर ठरत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या परवानगीवर ठरते. पुसणे म्हणजे डिरेक्टरीच्या यादीतून नाव काढणे, आणि ती यादी डिरेक्टरीच्या मालकीची. त्यामुळे जिच्यात मला एक अक्षरही लिहिता येत नाही अशी दुसऱ्याची फाइल माझ्या डिरेक्टरीत असेल, तर ती मी पुसू शकतो. सर्वांना लिहिता येणाऱ्या '/टीएमपी' या सामायिक डिरेक्टरीत याच कारणाने गोंधळ झाला असता. म्हणून तिच्यावर स्टिकी बिट नावाची जादा खूण असते आणि एका सामान्य वापरकर्त्याला दुसऱ्याची फाइल तिथून काढता येत नाही. हे सगळे नियम एकत्र पाहिले की लक्षात येते, परवानगी फाइलीला चिकटवलेली चिठ्ठी नाही, ती वाटेवर जागोजागी आहे. वाट शिकवताना ती बाजूला ठेवली तर वाटही अर्धीच शिकवली जाते.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. १९६५मध्ये एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून मल्टिक्स ही प्रणाली आखत होत्या. त्या वर्षी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी तिच्या फाइलव्यवस्थेवर निबंध मांडला. डिरेक्टऱ्यांचे झाड, आणि त्याच्या प्रत्येक फांदीवर कोणाला काय करता येईल याची नोंद, या दोन्ही कल्पना त्यात एकत्रच होत्या. एकच महागडे यंत्र अनेक माणसे वापरणार होती. त्यांच्या फाइली एका जागी आणायच्या तर त्या एकमेकांपासून राखायलाही हव्या होत्या. बेल लॅब्ज १९६९मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. त्या पहिल्या रूपात फाइलींवर परवानगीच्या खुणा होत्या, पण स्लॅश लावून लांबची वाट सांगायची सोयच नव्हती. ती पुढे पीडीपी-११ या यंत्रावर आली. ३ नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत वाट आहे आणि परवानगीही आहे, पण परवानगी फक्त मालक आणि बिगर-मालक अशी दुहेरी. गट नंतर आला, कारण एकत्र काम करणाऱ्या चार माणसांना आपापसांत फाइली वाटून घ्यायच्या होत्या आणि बाहेरच्यांपासून राखायच्या होत्या. १९८८च्या पॉझिक्स मानकाने हा साचा पक्का केला आणि १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतले तेव्हा तोच उचलला. पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेला इतका लहान साचा संगणकशास्त्रात क्वचितच सापडेल.

आपल्याकडे घरोघरी संगणक पोचला तो मात्र दुसऱ्या रस्त्याने. १९८१च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये डिरेक्टऱ्याच नव्हत्या. त्या १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. तिथे फाइल लपवता येत होती, फक्त वाचण्यापुरती ठेवता येत होती, पण तिला मालक नव्हता. यंत्रापुढे एकच माणूस बसणार, हे गृहीत होते. विंडोज ९५ आणि ९८ने तेच गृहीतक पुढे नेले. १९९३च्या विंडोज एनटीत बारकाईच्या परवानग्या होत्या, पण ती कार्यालयांची प्रणाली होती. तिचे घराणे २००१मध्ये एक्सपीच्या रूपाने घरात आले, तेव्हाही बहुतेक लोक प्रशासकाच्या खात्यानेच काम करत राहिले. त्याच २००१ साली महाराष्ट्रात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्यातालुक्यांत केंद्रे निघाली, लाखो मराठी माणसांचे बोट पहिल्यांदा कीबोर्डवर पडले, आणि हे काम मोठेच आहे. पण विंडोज आणि ऑफिसच्या आधाराने शिकलेल्या त्या साक्षरतेत संगणक म्हणजे एका माणसाचे यंत्र, हीच प्रतिमा रुजली. मालक, गट आणि इतर हा प्रश्न त्या प्रतिमेत उद्भवतच नाही. मग आयटीआयच्या कोपा ट्रेडमध्ये किंवा तंत्रनिकेतनातल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकात हाच विद्यार्थी लिनक्ससमोर बसतो, तेव्हा त्याला आज्ञा नव्या वाटतात. खरे तर त्यांच्यामागची समाजव्यवस्थाच नवी असते आणि तिच्याबद्दल कोणी बोललेले नसते.

नऊ खुणांची पद्धत हे या क्षेत्रातल्या अनेक घराण्यांपैकी एक आहे, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. दुसरे घराणे याद्यांचे: प्रत्येक फाइलीबरोबर माणसांची आणि गटांची हवी तेवढी लांब यादी ठेवायची. मल्टिक्स आणि विंडोज एनटी या घराण्यातल्या. लिनक्सवरही 'सेटएफएसीएल' या आज्ञेने अशी यादी जोडता येते. तिसरे घराणे अधिकारपत्रांचे. त्याची मांडणी जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६मध्ये केली. त्यात फाइलीपाशी यादी नसते, वापरणाऱ्याच्या हातात अधिकारपत्र असते. सामान्य वाचकाचा त्याच्याशी थेट संबंध कमी येतो. चौथे घराणे अनिवार्य नियंत्रणाचे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. युनिक्सच्या साध्या पद्धतीत मालक राजा असतो: आपली फाइल कोणाला दाखवायची हे तोच 'सीएचमॉड'ने ठरवतो. अनिवार्य पद्धतीत मालकाच्याही वर नियम असतो. अमेरिकी लष्करासाठी डेव्हिड बेल आणि लेन लापादुला यांनी १९७३च्या सुमारास हा विचार गणिती रूपात मांडला. त्या परंपरेतले एसईलिनक्स २००० साली प्रसिद्ध झाले आणि २००३मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आले. सातबारा याच घराण्यातला आहे. खातेदार जमिनीचा धनी, पण नोंदीचा नव्हे. तरीही फेरफाराच्या ठरलेल्या रीतीने तो नोंद बदलून घेऊ शकतो, आणि याचे थेट प्रतिरूप युनिक्समध्येही आहे. पासवर्डचे सांकेतिक रूप ज्या फाइलीत असते ती सामान्य वापरकर्त्याला उघडताही येत नाही, तरी तो स्वतःचा पासवर्ड बदलू शकतो. कारण ते काम करणारा प्रोग्राम सेटयूआयडी या खुणेमुळे रूट नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो आणि फक्त त्याच माणसाची ओळ बदलतो. ही खूण डेनिस रिची यांची कल्पना. तिचे अमेरिकी पेटंट त्यांच्या नावाने १९७९मध्ये मंजूर झाले. आपल्या महसुली व्यवहारात वाढलेल्या वाचकाला ही सगळी घराणी परकी वाटायचे कारण नाही.

वाट आणि परवानगी यांची ताटातूट केल्यावर काय होते, याचा पुरावा म्हणजे ७७७ हा आकडा. काहीतरी उघडत नाही, वेबसाइट पान दाखवत नाही, प्रोग्राम लिहू शकत नाही, की सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकायचे. अडचण पुष्कळदा वाटेवरच्या एखाद्या डिरेक्टरीत असते, किंवा फाइलीचा मालकच चुकलेला असतो. लिनक्सवर 'नेमआय' नावाची एक आज्ञा आहे; तिला 'एल' हा पर्याय देऊन पूर्ण वाट सांगितली की ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी ओळीने दाखवते. वाट कुठे अडली ते एका नजरेत कळते. एवढी उपयोगी आज्ञा शिकवण्यात क्वचित दिसते, कारण वाट आणि परवानगी एकत्र पाहण्याची सवयच नाही. ७७७चा मार्ग स्वीकारणाऱ्याचे काम त्या क्षणी होते, म्हणून तो पसरतो. तोच आकडा आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्यांसह संपूर्ण प्रणालीवर लावला तर सेटयूआयडीच्या खुणा पुसल्या जातात, रूटचा अधिकार मिळवून देणारी 'सुडो' ही आज्ञा चालायला नकार देते, आणि खासगी किल्ली सर्वांना वाचता येते म्हणून दूरच्या यंत्राशी जोडणारी एसएसएच ती स्वीकारत नाही. चौघांना एकत्र काम करायचे असेल तर त्याचे खरे उत्तर १९७०च्या दशकापासून गटात आहे: चौघांचा एक गट करायचा, डिरेक्टरीवर २७७० अशी परवानगी ठेवायची म्हणजे सुरुवातीच्या २ या जादा खुणेमुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाची होते, आणि नव्या फाइलींची परवानगी ठरवणारा 'यूमास्क' असा लावायचा की नव्या फाइलीत गटाला लिहिता येईल, बाहेरच्याला दिसणार नाही. लिनक्सच्या उबंटू या वितरणानेही २०२१च्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याच्या घराची परवानगी ७५५वरून ७५० केली. तोवर एका यंत्रावरच्या दुसऱ्या माणसालाही ते घर डोकावून पाहता येत होते.

मराठीत या विषयावरचे लेखन का हवे, हा प्रश्न रास्त आहे, कारण आज्ञा इंग्रजी अक्षरांतच द्याव्या लागतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी युनिक्स शेलवर लिहिलेले पुस्तक भारतभर वाचले गेले, पण ते इंग्रजीत. अच्युत गोडबोले यांचे ऑपरेटिंग सिस्टीमवरचे पाठ्यपुस्तकही इंग्रजीत. संगणकाचा विस्तीर्ण इतिहास मात्र त्यांनी 'संगणकयुग'मधून मराठीत आणला. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने, प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, लिनक्सचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठी आवाजात दिले. पडदा इंग्रजी, समजावणे मराठी. हा मार्ग मला योग्य वाटतो. आज्ञेची दोन अक्षरे कोणत्याही भाषेत पाठ होतात. पार जाण्याचा अधिकार आणि यादी पाहण्याचा अधिकार यांतला फरक मात्र स्वतःच्या भाषेतच मनात बसतो. शिवाय मराठी फाइलींचे म्हणून काही प्रश्न आहेत आणि ते इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत एका नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून 'जालना' या नावाचे १५ बाइट होतात आणि ८५ चिन्हांवर नाव संपते. शासकीय परिपत्रकाचा विषय फाइलीचे नाव म्हणून चिकटवणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. 'सातबाऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो आणि 'ॲ'ही दोन प्रकारे. २००८मध्ये युनिकोडने 'ॲ'ला स्वतंत्र जागा दिली, त्याआधी 'अ'वर चंद्र जोडून काम भागवले जाई. डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावे यंत्राला वेगळी असतात, एकाच डिरेक्टरीत शेजारी राहू शकतात, आणि टॅब दाबून नाव पुरे होत नाही. त्यातच पुष्कळ टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देतात, त्यामुळे जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत आणि मराठी मजकूर फाइलीच्या आत लिहावा, असा सल्ला हे पुस्तक देते. भाषेच्या अभिमानाला हे रुचणार नाही. पण साधने सुधारेपर्यंत तरी हा सल्ला व्यवहार्य आहे.

यावर पहिला आक्षेप असा की आता सगळे मोबाइलवर आहे, डिरेक्टरी कोणाला दिसते? दिसत नाही, हे खरे. पण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. फोनवर घेतलेल्या प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि एका ॲपची खासगी डिरेक्टरी दुसऱ्याला बंद राहते, ती याच जुन्या परवानग्यांमुळे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यावर एसईलिनक्सचा पूर्ण पहारा आहे. झाड लपवल्याने ते नाहीसे होत नाही, फक्त त्याचे ज्ञान थोड्या हातांत राहते. दुसरा आक्षेप: कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञा लिहून देते, मग शिकायचे कशाला? ती आज्ञा माझ्या यंत्रावर माझ्या अधिकाराने चालते. मी 'सुडो' लावले तर रूटच्या अधिकाराने चालते, आणि रूटला या नऊ खुणा अडवत नाहीत. लिहून मिळालेल्या ओळीत ७७७ आहे का, कुठल्या वाटेवर आहे, आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्यांना लागू आहे का, हे एंटर दाबण्याआधी वाचता आले पाहिजे. आज्ञा आठवण्याची गरज कमी झाली, हे मान्य. ती तपासण्याची गरज वाढली आहे. तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे: एका यंत्रात वेगळे कप्पे करणारे कंटेनर आणि क्लाउड यांच्या काळात नऊ खुणा पुरत नाहीत. पुरत नाहीतच. पण कंटेनरात बसवलेल्या डिरेक्टरीत लिहिता येत नाही, ही त्या कामातली नेहमीची तक्रार आहे, आणि आतला वापरकर्ता क्रमांक बाहेरच्या मालकाशी जुळत नाही, हे तिचे नेहमीचे कारण. नवी घराणी जुन्याच्या खांद्यावर उभी आहेत. खालचा मजला न ओलांडता वर जाता येत नाही.

आणि जालन्यात हा विषय आज का, तर कागदांच्या शोधाचा काय अर्थ असतो हे या जिल्ह्याने नुकतेच अनुभवले आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम आले. उर्दूतली आणि मोडीतली जुनी दप्तरे मराठवाड्यात उघडली गेली. त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो, एखादी जुनी नोंद कुठे ठेवली आहे, ती कोणाला पाहता येते आणि तिच्यात कोणी फेरफार केलेला नाही हे कसे दाखवायचे, हे प्रश्न अभिलेखागाराबाहेर गावागावांत चर्चिले गेले. अशी पाने स्कॅन होतात तेव्हा ती कोणत्या तरी यंत्रावर, कोणत्या तरी डिरेक्टरीत, कोणाच्या तरी मालकीने आणि कोणत्या तरी परवानगीने राहतात. मूळ प्रतिमा सर्वांना वाचता याव्यात पण कोणालाही बदलता येऊ नयेत, नव्या प्रतिमा घालणारा आणि यादी तपासणारा वेगळा असावा, या साध्या अपेक्षा नऊ खुणा आणि दोन गटांत बऱ्याच अंशी बसवता येतात. ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, बियाण्यांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, सगळ्यांकडे आता अशा डिरेक्टऱ्या आहेत. २०२३च्याच डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर सुरक्षेची जबाबदारीही टाकली आहे. ती निभावणारी माणसे पुण्या-मुंबईहूनच यावीत असे काही नाही.

प्रस्तुत पुस्तक हे सगळे क्षेत्र व्यापण्याचा दावा करत नाही. अनिवार्य नियंत्रण आणि याद्यांची पद्धत यांची ओळख इथे आहे, अधिकारपत्रांची जवळजवळ नाही, विंडोजच्या परवानग्या मुद्दाम वगळल्या आहेत. जे आहे त्याची मांडणी एका आग्रहाने केली आहे: पहिल्या 'सीडी'पासून परवानगी सोबत चालते. सरावासाठी जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचे एक झाड उभारायचे आहे, जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. पुढे त्याच झाडावर गट नेमायचे, मधलीच एखादी डिरेक्टरी बंद करायची आणि खालची फाइल का उघडत नाही ते शोधायचे. उत्तरे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत, कारण यंत्र स्वतःच उत्तर देते. जुना संगणक मिळाला तर त्यावर लिनक्स बसवावे. विंडोज दहा किंवा अकरा असेल तर त्यातली डब्ल्यूएसएल ही सोय चालेल. काहीच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या ॲपमध्ये गट नेमण्याखेरीज बाकीचा सराव होतो. सराव कुठे करायचा याची मात्र काळजी घ्यावी. फोनची सामायिक साठवण, फॅट पद्धतीचा पेन ड्राइव्ह आणि डब्ल्यूएसएलमधून दिसणारा विंडोजचा सी ड्राइव्ह, या तिन्ही ठिकाणी 'सीएचमॉड' नेहमीच्या मांडणीत परिणाम करत नाही. आज्ञा चालल्यासारखी दिसते, परवानगी जिथल्या तिथे राहते, आणि शिकणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते. पहिले झाड आपल्या घरच्या डिरेक्टरीत, नागमोडी रेघेच्या आत लावावे.